सात वर्षांचा कायदा, पंधरा वर्षांची गाडी

दिग्रस, दारव्हा, आर्णी, पुसद या पट्ट्यात घरातली मोटार सहसा दहा-बारा वर्षे तरी वापरात राहते. अनेकांकडे ती येतेच मुळी नागपूर-पुण्याकडून तीन-चार वर्षे चाललेली, सेकंडहँड. दवाखान्यासाठी यवतमाळ, सोयरिकीसाठी पुसद, दर्शनाला पोहरादेवी, शिवाय बाजार समिती, कोर्ट, मुलांचे कॉलेज अशी सगळी धावपळ त्या एकाच गाडीवर असते. अशा गाडीचे पॉवर स्टिअरिंग एक दिवस बंद पडते. डॅशबोर्डवर स्टिअरिंगच्या चित्राशेजारी उद्गारचिन्ह असलेला दिवा लागतो आणि एरवी एका हाताने फिरणारे चाक दोन्ही हातांनी ओढावे लागते. गाडी सत्तरेक किलोमीटरवरच्या यवतमाळला किंवा त्याहून लांब अमरावतीला अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये न्यावी, तर बऱ्याचदा ठरलेले उत्तर मिळते: वॉरंटी संपली आहे, पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल. बिल पाच आकडी. नेमके काय बिघडले, हे मात्र कागदावर कुठेच नसते. माझा आक्षेप इथेच आहे. वॉरंटी संपली म्हणजे फुकट दुरुस्तीचा हक्क संपला, हे मान्य. पण बिघाड कोणता हे लेखी मिळणे, लागेल तेवढाच भाग विकत मिळणे आणि त्या बिघाडाची सरकारदरबारी नोंद होणे, या तीन गोष्टी वॉरंटीच्या तारखेवर अवलंबून असता कामा नयेत. आज त्या तशा आहेत.

हे समजायला आधी स्टिअरिंगकडे जरा जवळून पाहावे लागते. जुन्या पद्धतीच्या हायड्रॉलिक स्टिअरिंगमध्ये इंजिनच्या बेल्टवर चालणारा पंप असतो आणि तेलाच्या दाबाने चाके वळायला मदत होते. त्याचे दुखणे बहुधा सांगून येते. होज पाझरतो, तेलाची पातळी उतरते, वळताना कण्हल्यासारखा आवाज येतो. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत मात्र ईपीएस, म्हणजे विजेवर चालणारे स्टिअरिंग आहे. डॅशबोर्डखाली कॉलमवरच एक मोटर बसवलेली असते. चालक चाक किती जोराने पिळतो आहे हे टॉर्क सेन्सर मोजतो, गाडीचा वेग किती हे दुसऱ्या तारेतून कळते, आणि कंट्रोल युनिट त्यानुसार मोटरला करंट देते. जागेवर गाडी वळवताना ही मोटर कित्येक अँपिअर ओढते. बॅटरीचा व्होल्टेज घसरला किंवा सेन्सरचे आकडे एकमेकांशी जुळेनासे झाले की युनिट स्वतःच मदत थांबवते. चुकीच्या दिशेने जोर लावण्यापेक्षा अजिबात न लावणे बरे, असा त्यामागचा विचार आहे आणि तो योग्यच आहे. म्हणजे दिवा लागला याचा अर्थ मोटर जळाली असा होत नाही. यंत्रणेने संशय घेऊन माघार घेतली, एवढेच त्यावरून कळते. तो संशय कशामुळे आला हे शोधणे हीच खरी दुरुस्ती.

आणि ही कारणे पुष्कळदा साधी असतात. विदर्भाच्या उन्हाळ्यात बॅटरी लवकर म्हातारी होते. इंजिन बंद असताना साडेबारा व्होल्टच्या आसपास आणि चालू असताना साधारण चौदाच्या जवळ आकडा दिसत नसेल, तर आधी बॅटरी आणि अल्टरनेटर तपासायचा. बॉडीला जोडलेली अर्थिंगची तार गंजलेली असते. कनेक्टरमध्ये पावसाळ्याची ओल शिरून हिरवट थर साचलेला असतो. फ्यूज उडालेला असतो, किंवा अंगणात उभ्या गाडीची वायर उंदराने कुरतडलेली असते. मागाहून बसवलेले जादा दिवे, मोठी म्युझिक सिस्टिम, कंपनीने सांगितल्यापेक्षा रुंद टायर यांचाही ताण पडतो. मल्टिमीटर हाती असलेला चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन यातल्या बऱ्याच गोष्टी अर्ध्या-पाऊण तासात तपासू शकतो. त्यातून काही सापडले नाही तरच सेन्सर, मोटर किंवा कंट्रोल युनिटकडे जायचे. असेंब्ली हा या वाटेवरचा शेवटचा टप्पा. फोर्ड कंपनीने २०१४ मध्ये उत्तर अमेरिकेत एस्केपसारख्या गाड्यांसाठी नऊ लाखांहून अधिक वाहनांची स्टिअरिंग मोहीम काढली, तेव्हा आधी सॉफ्टवेअर अद्ययावत करायचे आणि गाडीत साठलेले एरर कोड पाहून टॉर्क सेन्सर किंवा कॉलम यांपैकी जे लागेल ते बदलायचे, असा क्रम डीलरांना आखून दिला होता. दुरुस्तीचा खर्च स्वतःच्या खिशातून जायचा असतो तेव्हा कंपनीही पायरीपायरीने जाते. तोच क्रम वॉरंटी संपलेल्या ग्राहकाला मिळाला पाहिजे, ही मागणी अवाजवी कशी म्हणता येईल?

पॉवर स्टिअरिंग गेले म्हणजे स्टिअरिंग गेले असे नव्हे, चाकाशी असलेला लोखंडी सांधा कायम असतो, जोर लावला की गाडी वळते. मग एवढा गहजब कशाला, असे म्हणणारे आहेत. पहिला भाग अगदी बरोबर आहे आणि तो प्रत्येक चालकाला माहीत असायलाच हवा. दिवा लागला तर घाबरून ब्रेक दाबू नये, चाक दोन्ही हातांनी घट्ट धरावे, वेग हळूहळू उतरवावा, इंडिकेटर देऊन गाडी कडेला घ्यावी. धोका मात्र त्या पहिल्या दोन-तीन सेकंदांत असतो. मदत अचानक जाते तेव्हा चालक वळणात असू शकतो, समोरून उसाचा किंवा कापसाचा ट्रॅक्टर येत असू शकतो, चाकावर साठी उलटलेले हात असू शकतात. शिवाय पॉवर स्टिअरिंगच्या गाड्यांचा गिअरच जलद ठेवलेला असतो. जुन्या गाडीला कडेपासून कडेपर्यंत जितके वेढे लागत, तितके हिला लागत नाहीत, आणि म्हणूनच मदत गेल्यावर ही गाडी त्या जुन्या गाडीपेक्षाही जड लागते. मारुती सुझुकीने ऑगस्ट २०२४ मध्ये अल्टो के-१० च्या २,५५५ गाड्या स्टिअरिंग गिअरबॉक्सच्या संभाव्य दोषासाठी परत बोलावल्या, तेव्हा भाग बदलेपर्यंत गाडी चालवू नका असे ग्राहकांना सांगितले. दोष वेगळा होता, पण स्टिअरिंगच्या बाबतीत ‘चालते तोवर चालू द्या’ हा हिशेब खुद्द उत्पादकालाही मान्य नाही, हे त्यातून दिसते.

भारतात स्टिअरिंगसाठी गाड्या परत बोलावण्याची उदाहरणे कमी नाहीत. फोर्ड इंडियाने जुलै २०१२ मध्ये फिगो आणि फिएस्टा क्लासिकच्या १,२८,६५५ गाड्या आणि सप्टेंबर २०१३ मध्ये आणखी १,६६,०२१ गाड्या तपासणीसाठी बोलावल्या. मागचा ट्विस्ट बीम आणि पॉवर स्टिअरिंगचा होज ही त्यामागची कारणे होती. मारुतीने जुलै २०२३ मध्ये एस-प्रेसो आणि इकोच्या ८७,५९९ गाड्या टाय रॉडसाठी बोलावल्या. या कंपन्यांनी हे स्वतःहून जाहीर केले, त्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण असे निरोप कोणापर्यंत पोहोचतात? कंपनीकडे पत्ता असतो पहिल्या मालकाचा. तीच गाडी दुसऱ्या-तिसऱ्या हाताने दिग्रसला आली की पत्र पुण्याच्या सोसायटीच्या पेटीत पडून राहते. म्हणून जुनी गाडी घेणाऱ्याने कंपनीच्या संकेतस्थळावर चेसिस नंबर टाकून त्या गाडीचे काही रिकॉल शिल्लक आहे का हे पाहावे. वाहन उत्पादकांची संघटना ‘सियाम’ही रिकॉलची यादी ठेवते. वॉरंटी संपलेल्या गाडीचेही रिकॉलचे काम फुकट होते, हे अनेकांना ठाऊक नसते.

आता कायद्याकडे वळू, कारण खरी अडचण तिथे आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आले आणि सदोष वाहने परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. दंड १० लाखांपासून एक कोटीपर्यंत. हा मोठा पल्ला होता, कारण त्याआधी २०१२ पासून सारा कारभार उद्योगाच्या ऐच्छिक संहितेवर चालत होता. पण या नियमांची व्याप्ती फक्त सात वर्षांपर्यंतच्या वाहनांपुरती आहे. दुसरीकडे त्याच कायद्याने खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी होते, आणि महाराष्ट्रात रस्ता कर सुरुवातीलाच एकरकमी भरून घेतला जातो. म्हणजे गाडी पंधरा वर्षे रस्त्यावर राहणार हे सरकारने गृहीत धरले आहे, मात्र तिच्यातला दोष फक्त पहिली सात वर्षे मोजला जाणार. मोठ्या शहरात गाडी सातव्या वर्षाच्या आत विकली जाते. आठवे ते पंधरावे वर्ष ती काढते आमच्यासारख्या गावांत. तेव्हा ही सात वर्षांची रेघ कागदावर सगळ्यांना सारखी दिसली, तरी तिचा भार प्रत्यक्षात गावाकडच्या, दुसऱ्या हाताच्या मालकावर पडतो.

शिवाय ही यंत्रणा तक्रारींच्या आकड्यावर चालते. विशिष्ट मॉडेलबद्दल ठरावीक संख्येने तक्रारी आल्या तरच चौकशीचे चक्र फिरते, आणि जास्त खपाच्या मॉडेलसाठी हा आकडा हजाराच्या पुढे जातो. दिग्रसच्या गॅरेजात स्टिअरिंगची मोटर खोलून तिचे ब्रश बदलले गेले, भंगारातल्या गाडीचा कॉलम आणून बसवला गेला, किंवा कोणी वैतागून तसेच जड स्टिअरिंग ओढत राहिला, तर यातली एकही घटना कुठल्या नोंदीत जात नाही. एखाद्या मॉडेलचा सेन्सर आठव्या वर्षी सर्रास जात असेल, तर ते देशभरातल्या मेकॅनिकांना माहीत असते आणि सरकारला मात्र नसते. ज्या वयात असे दोष वर येण्याची शक्यता जास्त, त्याच वयाच्या गाड्या मोजणीतून वगळायच्या आणि मग दोष दिसत नाही म्हणायचे, हे तर्काला धरून नाही.

या बाबतीत जनरल मोटर्सचे उदाहरण बोलके आहे. विजेच्या स्टिअरिंगची मदत अचानक जाते, या कारणाने कंपनीने २०१० मध्ये अमेरिकेत शेव्हरोले कोबाल्टसारख्या गाड्या परत बोलावल्या होत्या. तरी चार वर्षांनी, मार्च २०१४ मध्ये, त्याच दुखण्यासाठी तिला तिथे सुमारे १३ लाख गाड्यांची नवी मोहीम काढावी लागली. त्यात २००४ सालची मॉडेलही होती, म्हणजे दहा वर्षे जुनी. त्यातल्या काही गाड्यांना पूर्वी नुसती वाढीव वॉरंटी देऊन प्रश्न मिटवला गेला होता. आपण जेवढे करायला हवे होते तेवढे केले नाही, अशी कबुली कंपनीच्या सुरक्षाप्रमुखांनी तेव्हा दिली, आणि काही गाड्यांच्या स्टिअरिंग मोटरला आजीवन वॉरंटी जाहीर केली. दहा वर्षांच्या गाडीतला दोष हा गाडीच्या म्हाताऱ्या वयाचा दोष असतोच असे नाही, तो पहिल्या दिवसापासून आत बसलेला असू शकतो, हे इतक्या मोठ्या कंपनीने मान्य केले. आपल्या नियमांत ही शक्यता सातव्या वर्षी संपते.

उद्योगाचे म्हणणे असे की यंत्र झिजतेच, आणि पंधरा वर्षे जबाबदारी घ्यायची तर नव्या गाडीची किंमत वाढेल. त्यात तथ्य आहे. रॅकचे सील, बेल्ट, होज, बॅटरी या झिजेच्या वस्तू आहेत आणि त्यांचा खर्च मालकानेच सोसला पाहिजे. दिवा लागूनही महिनोन्‌महिने गाडी दामटणाऱ्याची भरपाई कोणी करू नये. सदोष अवस्थेतले वाहन रस्त्यावर आणणे हा कायद्यानेही गुन्हा आहे. माझी मागणी पंधरा वर्षांच्या फुकट दुरुस्तीची नाहीच. झीज आणि घडणीतला दोष यांत फरक करायचा तर आधी मोजावे लागेल, आणि मोजायला फारसा पैसा लागत नाही. स्टिअरिंग, ब्रेक आणि एअरबॅग या तीन यंत्रणांपुरती सात वर्षांची मर्यादा नोंदणीच्या मुदतीइतकी वाढवावी, एवढेच म्हणणे आहे. आकड्यांतून दोष दिसला तरच कंपनीवर खर्च पडेल. खोट्या तक्रारींची भीती घालणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की नियमांत तपासणी संस्थेकडून चौकशीची तरतूद आहे आणि पुण्याची एआरएआय त्या कामाला सक्षम आहे.

ग्राहक संरक्षण कायदा आहे की, असेही सांगितले जाते. तो आहे आणि वापरावाही. २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून लागू झाला, त्यात ग्राहक राहतो तिथे तक्रार करता येते, म्हणजे दिग्रसच्या माणसाला यवतमाळचा जिल्हा आयोग पुरतो, आणि मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. पण तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत करावी लागते आणि दोष मुळातला होता हे तज्ज्ञाच्या अहवालाने दाखवावे लागते. हातात निदानाचा कागदच नसेल तर तज्ज्ञ तरी काय पाहणार? उत्पादन दायित्वाचे प्रकरण या कायद्यात नव्याने आले, मात्र त्यातल्या ‘हानी’च्या व्याख्येतून खुद्द त्या वस्तूचे नुकसान वगळलेले आहे. स्टिअरिंग बंद पडून गाडी झाडावर आदळली आणि माणूस जखमी झाला तर ते प्रकरण लागू होते. तो प्रसंगावधानाने वाचला तर होत नाही. विम्याच्या पॉलिसीतही यांत्रिक आणि विद्युत बिघाड वगळलेला असतोच.

राहिला सुट्या भागांचा प्रश्न. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, कारण सुटे भाग आणि तपासणीची साधने या कंपन्या बाहेरच्या गॅरेजांना मिळू देत नव्हत्या. भाग खुल्या बाजारात द्या, किमती जाहीर करा, बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असे आदेश त्यात होते. प्रकरण पुढे अपिलांत गेले. केंद्राने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले आणि त्यात मोटारीही घेतल्या, पण त्यामागे स्वतंत्र कायद्याचे बळ नाही. युरोपीय संघात सप्टेंबर २०२० पासून लागू असलेल्या नियमानुसार दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना देणे उत्पादकावर बंधनकारक आहे. आपल्याकडे काय चित्र आहे? गॅरेजमधला स्वस्त स्कॅनर इंजिनचे, ‘पी’ने सुरू होणारे कोड वाचतो, स्टिअरिंगचे कोड ‘सी’ने सुरू होतात आणि ते वाचायला महागडे यंत्र लागते. सेन्सर वेगळा मिळत नाही म्हणून आख्खा कॉलम घ्यावा लागतो. सप्टेंबर २०२५ मध्ये अनेक सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, चांगले झाले, पण न लागणाऱ्या कॉलमवर १८ टक्के भरणे हाही भुर्दंडच. जनरल मोटर्सने २०१७ मध्ये भारतातली विक्री थांबवली, फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथले उत्पादन बंद करत असल्याचे जाहीर केले. त्यांच्या बीट, टवेरा, फिगो अजून धावत आहेत आणि त्यांच्या मालकांना तर स्वतंत्र गॅरेजची गरज अधिकच भासते.

गावातल्या मेकॅनिकच्या हाती ईपीएस देणे धोक्याचे आहे, हा आक्षेप मी सर्वांत गंभीर मानतो. कॉलमच्या टोकाला एअरबॅग असते आणि बॅटरी न काढता, थोडा वेळ न थांबता तिथे हात घातला तर ती फुटू शकते. टॉर्क सेन्सर बदलल्यावर त्याचे कॅलिब्रेशन झाले नाही तर गाडी एका बाजूला ओढू लागते. भंगारातून आणलेल्या कॉलमचा इतिहास कोणालाच माहीत नसतो. पण ही कामे आज होतच आहेत, माहितीशिवाय होत आहेत. माहिती दडवल्याने काम थांबत नाही, ते फक्त जास्त धोक्याचे होते. स्पर्धा आयोगापुढे कंपन्यांनी सुरक्षिततेचे हेच कारण पुढे केले होते आणि आयोगाला ते पटले नाही. आयटीआयमध्ये मेकॅनिक मोटर व्हेइकल हा दोन वर्षांचा ट्रेड आहे. त्यातून बाहेर पडलेल्या मुलाला कंपनीची दुरुस्ती पुस्तिका आणि कॅलिब्रेशनची पद्धत रास्त दरात मिळाली, तर तो हे काम नीट करू शकतो.

कायदा बदलेपर्यंत मालकाने काही पथ्ये पाळावीत. सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी दिली की जॉब कार्डवर तक्रार स्वतःच्या शब्दांत लिहून घ्यावी: दिवा कधी लागला, वेग किती होता, बंद करून चालू केल्यावर मदत परत आली का. स्कॅनरमधले कोड पुसण्याआधी त्यांचा प्रिंट किंवा फोटो मागावा. असेंब्ली बदलायची असे सांगितले तर बॅटरी, अर्थिंग आणि कनेक्टर तपासल्याचे लेखी मागावे आणि काढलेला जुना भाग ताब्यात घ्यावा. ठरलेल्या वेळी तिथेच सर्व्हिसिंग झाल्याच्या नोंदी असतील, तर गुडविल म्हणून खर्चाचा काही वाटा कंपनीने उचलावा असा लेखी अर्ज करून पाहावा. वॉरंटी नुकतीच संपली असेल तर विचार होऊ शकतो. गाडी सात वर्षांच्या आतली असेल तर केंद्राच्या वाहन पोर्टलवर तक्रार नोंदवावीच, नाहीतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवावी. परिवहन विभागालाही यात करण्यासारखे आहे. तालुक्याच्या गावी लायसन्सची शिबिरे भरतात, तिथेच स्टिअरिंग आणि ब्रेकच्या बिघाडाचे अर्ज गाडीचे वय न पाहता घ्यावेत आणि मॉडेलनिहाय यादी दर तीन महिन्यांनी केंद्राकडे पाठवावी. त्यासाठी संसदेत जावे लागत नाही, एक परिपत्रक पुरते.